त्रिशूळ बरा की घोडा?

एर्मेस गुआल्दीचा सारा जन्म लोकांना एकच प्रश्न विचारण्यात गेला होता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, की तो त्याच्या डोळ्यापुढे एक भिंग धरायचा, मग दुसरं धरायचा आणि विचारायचा, "हे बरं की ते?" बोर्गोलुंगोतली निम्मी नाकं त्याच्या चष्म्यांखाली वावरत होती. ज्यांना चष्मा लागत नव्हता तीही माणसं दुकानात येऊन बसायची, कारण एर्मेस कुणालाच नाही म्हणत नसे आणि त्याच्या दुकानातल्या खुर्च्या मऊ होत्या. हाच प्रश्न एक दिवस आपल्यालाच कुणी विचारील, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

विचारणारे दोघं निघाले आणि दोघंही घरचेच.

बोर्गोलुंगो हे गाव मोदेना आणि मारानेल्लो यांच्या मधोमध येतं, हे त्या गावाचं दुर्दैव. एकीकडे त्रिशुळाच्या चिन्हाची मासेराती, दुसरीकडे घोड्याच्या चिन्हाची फेरारी. या गावात माणूस कुठल्या पक्षाला मत देतो, देवाला मानतो की नाही, याची चौकशी होत नाही. तो त्रिशूळवाला की घोडेवाला, एवढंच विचारतात, आणि मग त्याला मुलगी द्यायची की नाही ते ठरवतात. एर्मेस स्वतः पांडा नावाची एक जुनी छोटी मोटार चालवायचा. त्यामुळे दोन्ही पक्ष त्याला आपला समजत, किंवा खरं सांगायचं तर कुणीच समजत नसे.

पण त्याचा थोरला भाऊ आदेल्मो हा कट्टर त्रिशूळवाला होता. आदेल्मोचा फरशांचा कारखाना. त्याच्याकडे गडद निळी मासेराती ३५०० जीटी होती. १९६० च्या आसपासचं मॉडेल, सहा सिलिंडरचं, आणि आदेल्मो तिच्याबद्दल बोलताना आवाज असा खाली आणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कुणी झोपलंय. एर्मेसचा मेहुणा लोरिस, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, हॅम, म्हणजे डुकराची मांडी, मुरवण्याच्या धंद्यातला. त्याच्याकडे राखाडी फेरारी ३३० जीटी, बारा सिलिंडरची, पुढे चार दिवे असलेली. ती त्यानं मोडक्या अवस्थेत आणून वर्षानुवर्षं खपून उभी केली होती. लोरिसचा आवाज मुळात मोठा, आणि गाडीचा विषय निघाला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायची.

एर्मेसची लेक इलारिया हिच्या बाप्तिस्म्याच्या जेवणात आदेल्मोनं पेला उंचावून जाहीर केलं होतं, "ही पोरगी चर्चमध्ये नवरी म्हणून जाईल ती माझ्या मासेरातीतून!" एर्मेसनं मान डोलावली. आइस्क्रीम यायच्या सुमाराला लोरिसनंही पेला उंचावला आणि हेच फेरारीबद्दल सांगितलं. एर्मेसनं तेव्हाही मान डोलावली. पोर पाळण्यात होती. तिच्या लग्नापर्यंत दोन्ही गाड्या गंजून जातील, असा त्याचा अंदाज होता.

गाड्या गंजल्या नाहीत. दरवर्षी त्यांना नवं पॉलिश चढत गेलं, आणि इलारियाचं लग्न मे महिन्यात ठरलं.

"मी बोनेट उघडून ठेवलंय," आदेल्मो दुकानात येऊन हळूच म्हणाला. "येऊन बघून जा. आरसा आहे आरसा."

तो कोपऱ्यावरून वळतो न वळतो तोच लोरिस आत शिरला. "भावोजी! नवरीसाठी सीटांना नवं कातडं चढवलंय! हात लावून सांगा, कसं वाटतं!"

एर्मेसनं दोघांनाही मान डोलावून दाखवली. संध्याकाळी त्यानं हे बायकोला सांगितलं, तेव्हा देआन्ना पीठ मळत होती.

"गाडी कशाला पाहिजे मुळात?" ती म्हणाली. "खिडकीतून बघ जरा."

खिडकीतून चर्चचं दार दिसत होतं. रस्त्याकडेच्या कमानींखालून चालत गेलं तर हातातली कॉफी गार व्हायच्या आत पोचता यायचं. मोटारीनं मात्र जुन्या गावातले एकमार्गी रस्ते. कालव्यापर्यंत जायचं, स्मशानभूमीला वळसा घालायचा आणि मागच्या बाजूनं चौकात यायचं. पण नवरी पायी निघाली तर काय काय बोललं जाईल, हेही दोघांना पाठ होतं. शिवाय एकाला नाही म्हटलं तर तो लग्नाला येणार नाही, आणि दोघांना नाही म्हटलं तर दोघंही येणार नाहीत. एर्मेसला मनापासून एकच हवं होतं. लेकीच्या लग्नात एकही खुर्ची रुसून रिकामी राहू नये.

तेव्हा त्याला ती कल्पना सुचली. अशा कल्पना सभ्य माणसांनाच सुचतात, म्हणून त्यांचं इतकं वाटोळं होतं.

"आपण रीतसर तुलना करू," तो दुसऱ्या दिवशी इओनेसबाईच्या बारमध्ये म्हणाला. "जुन्या गाड्यांचे संग्राहक करतात तशी. नात्यागोत्याचा प्रश्नच नाही. बांधणी, आवाज, आतला ऐसपैसपणा. गुण द्यायचे. ज्या गाडीला जास्त, ती नवरीची."

बारमध्ये सगळे एकाच वेळी बोलू लागले. इओनेसबाईनं रोजच्या जेवणाची पाटी उतरवली, मध्ये खडूनं रेघ मारली आणि एका बाजूला त्रिशूळ, दुसऱ्या बाजूला घोडा काढला. घोडा डुकरासारखा दिसत होता, पण लोरिसच्या धंद्याकडे बघता ते कुणाला खटकलं नाही. खाली "आज: सशाचं मांस" तसंच राहिलं. इलारियाचा होणारा नवरा दावीदे फेरारा शहरातून नुकताच आला होता. तो बिचारा भोळेपणानं म्हणाला, "मला तर दोन्ही सारख्याच दिसतात." लग्न तिथेच मोडायचं, पण पोरगा शिकलेला आहे, परगावचा आहे, शिकेल हळूहळू, असं म्हणून मंडळींनी त्याला माफ केलं.

निकालाला वजन यावं म्हणून एर्मेसनं जुन्या मोटारींच्या मंडळाचे अध्यक्ष, नावापुढे 'काव्हालिएरे' हा सरकारी किताब मिरवणारे प्रांपोलीनी यांना बोलावलं. प्रांपोलीनींच्या घरी स्वतःची एकही जुनी गाडी नव्हती. त्यामुळे त्यांची मतं फार पक्की होती.

पहिली पाहणी आदेल्मोकडे. इथे एर्मेसनं पहिली चूक केली. तो जेवणाच्या वेळी गेला. तसं आमच्याकडे कुणाच्या घरी दुसऱ्या वेळी जाताही येत नाही. वहिनीनं सूपमध्ये शिजवलेल्या तोर्तेल्लीनींचं, म्हणजे मांसाचं सारण भरलेल्या चिमुकल्या करंज्यांचं, खोलगट ताट पुढे ठेवलं, ते संपलं तेव्हा दुसरं ठेवलं, आणि गाडी बघायला गॅरेजमध्ये गेल्यावर एर्मेसला वाकता येईना. अध्यक्षांना तर चाकाशेजारी बसल्यावर उठता येईना. "बांधणी उत्तम," ते जमिनीवरूनच म्हणाले.

तोर्तेल्लीनींची बातमी एर्मेसच्या आधी लोरिसच्या घरी पोचली. लोरिसच्या बायकोनं मग तोर्तेल्लीनी तर केल्याच, वर कापलेल्या हॅमचा डोंगर उभा केला. "तिथे दोनदा वाढून घेतलंत म्हणे," ती म्हणाली. एर्मेसनं इथेही दोनदा वाढून घेतलं. न्याय म्हणजे न्याय.

बांधणीत दोन्ही गाड्यांना सारखे गुण मिळाले. पाटीपुढे उभं राहून गाव एर्मेसवर हसलं. चष्मेवाल्याला स्वतःला चष्मा लागतो, असं कुणीतरी म्हणालं. अनोळखी आवाज असता तर एर्मेसनं मनावर घेतलं नसतं, पण तो आवाज त्याच्या दंतवैद्याचा होता.

आवाजाच्या परीक्षेसाठी मात्र एर्मेसनं आपली सगळी विद्या पणाला लावली. गाडी दिसली की माणूस पक्षपात करतो, तेव्हा परीक्षकांनी डोळे बांधायचे. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर चौकात अध्यक्षांसह सगळे जाणकार डोळ्यांना रुमाल बांधून ओळीनं उभे राहिले. दोन्ही गाड्या कोपऱ्याआड. एर्मेसनं हात वर केला की आधी एकीनं इंजिन चालू करायचं, मग दुसरीनं. हात वर करायच्या आत कुठूनतरी घरघर सुरू झाली.

"अहाहा!" काव्हालिएरे प्रांपोलीनींनी छातीवर हात ठेवला. "बारा सिलिंडर! ऐका, कसं रेशीम उलगडतंय! हा मारानेल्लोचा आवाज. झोपेतसुद्धा ओळखीन मी."

नगरपालिकेचं झाडू मारायचं यंत्र त्यांच्या बुटांना पाणी उडवत पुढून निघून गेलं. अध्यक्षांनी रुमाल सोडला, यंत्राच्या पाठीकडे पाहिलं आणि पावसाळी हवा आहे, आवाज फिरतो, असं सांगून ते घरी गेले. ते पुन्हा आले नाहीत. फेरारीला मिळालेले गुण पुसायचे की यंत्राच्या नावे लिहायचे, यावर बारमध्ये आठवडाभर वाद चालला.

मध्येच नगरपालिकेतून मिरेल्लाबाईंचा निरोप आला. जुन्या गावात मोटार आणायला परवाना लागतो, चौकाच्या तोंडाशी कॅमेरे आहेत, आणि लग्नासाठी परवाना एकाच गाडीला.

"दोन नाही का मिळणार?" एर्मेसनं नगरपालिकेच्या खिडकीपाशी जाऊन विचारलं.

"नवऱ्या दोन आहेत का?"

"नाही हो, एकच."

"मग गाडी एकच. शुक्रवारपर्यंत नंबर सांगा." मग बाई जरा पुढे झुकल्या. "मी बोलले म्हणून सांगू नका, पण माझे वडील मासेरातीत कामाला होते. निळी शोभून दिसेल."

शुक्रवारच्या आधी एक परीक्षा उरली होती, ऐसपैसपणाची, आणि ती सोपी वाटत होती. खरा पोशाख लग्नाआधी कुणी बघायचा नाही. म्हणून देआन्नानं दिवाणखान्यातले पडदे आणि दोन चादरी इलारियाच्या कमरेला टाचल्या आणि पोशाखाचा घेर बरोबर जमवला. नवरी पडद्यांसकट फेरारीत मागच्या सीटवर बसली. मागची सीट भरली. उरलेली चादर पुढच्या सीटवर आली आणि गिअरच्या दांड्यापर्यंत पसरली.

"झकास!" लोरिस ओरडला. "राजकन्या दिसते!"

"आणि मी कुठे बसू?" एर्मेसनं विचारलं.

लोरिसनं आत बघितलं, मग एर्मेसकडे बघितलं. हा प्रश्न कधी कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. "तुम्ही मागून पांडा घेऊन या की, भावोजी. घरचीच तर माणसं आपण."

मासेरातीत मागे जागा त्याहून कमी. इलारिया पुढे बसली आणि पडदे मागे गेले. आदेल्मो भावाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "तू असं कर, आधीच जाऊन चर्चच्या दारात उभा राहा. रुबाबदार दिसेल ते."

एर्मेस बरं म्हणाला. दुसरं काय म्हणणार? दुकानात परत येऊन त्यानं शटर अर्धं ओढलं आणि गिऱ्हाइकांच्या खुर्चीत स्वतः बसला. त्याला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याची लाजही वाटली. इलारिया लहान असताना तो तिला शाळेत सोडायला याच कमानींखालून न्यायचा. खाली काळ्या आणि पांढऱ्या फरशा आहेत. पोरीचा नियम असा, की फक्त काळीवर पाय ठेवायचा आणि चुकून पांढरीवर पडला तर पहिल्यापासून यायचं. शाळेच्या अगदी दारापाशी पोचलं की तिचा पाय नेमका पांढरीवर पडायचा. रोज. एर्मेसला ते कळायचं आणि तो रोज तिला परत घेऊन जायचा. शाळेच्या बाई रागवायच्या. आता लग्नाच्या दिवशी ती दुसऱ्याच कुणाशेजारी बसून स्मशानभूमीला वळसा घालून येणार होती.

या रागातच त्यानं पुढची अट घातली. नरम माणूस रागावला की भलतंच करून बसतो.

"आपला चष्मा कुणालाही बराच वाटतो," तो बारमध्ये म्हणाला. "तो उतरवून दुसऱ्याचा लावल्याशिवाय कळत नाही. आदेल्मो फेरारी चालवील. लोरिस मासेराती चालवील. डोंगरात सेर्रामाझ्झोनीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मग काय ते बोला."

"माझी गाडी? याच्या हातात?" लोरिस उभाच राहिला. "आदेल्मोशेठ, तुम्ही फरशा चिकटवा फरशा!"

"हॅमचे हात माझ्या स्टिअरिंगला लागणार नाहीत," आदेल्मो म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच मागच्या टेबलापर्यंत ऐकू गेला.

पण गावाला आता चटक लागली होती. नाही म्हणणारा घाबरला असं पाटीवर लिहीन, अशी धमकी इओनेसबाईनं दिल्यावर दोघांनी किल्ल्यांची अदलाबदल केली. ती किल्ल्या द्यायची रीत बघून दावीदेला वाटलं, कुणीतरी वारलं असावं.

जेवणाच्या वेळेला परत यायचे होते. आले नाहीत. जेवणाची वेळ टळून जावी आणि हे दोघं ताटावर नसावेत, हे गावात आजवर घडलं नव्हतं. वहिनी रडायला लागली. लोरिसची बायको म्हणाली, "कड्यावरून खाली गेले असतील तर दोघं भांडतच गेले असतील." देआन्ना एर्मेसकडे नुसती बघत होती. त्या बघण्याला चष्म्याची गरज नव्हती. मी एका बाबतीत तरी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं, असं एर्मेसला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं.

ऊन उतरल्यावर आवाज ऐकू आला. या वेळी झाडूचं यंत्र नव्हतं. आधी निळी गाडी आली, मागून राखाडी. लोरिस खाली उतरला आणि काही बोललाच नाही. लोरिस बोलत नाही म्हटल्यावर लोक धास्तावले.

"गाते हो ती," तो शेवटी म्हणाला, तेही हळू. "वळणावर गाते. मला कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि तुझी!" आदेल्मो जवळजवळ ओरडत होता. त्याचे केस उभे राहिले होते. "अरे, चढावर ती चढत नाही, चढ खाली येतो! आम्ही परत फिरलोच नाही रे. पार पुढच्या पावुल्लो गावापर्यंत गेलो! तिथे जेवलो, आणि पुन्हा वर गेलो!"

एर्मेसच्या जिवात जीव आला. संपलं एकदाचं, असं त्याला वाटलं. बिचारा.

"इलारिया फेरारीतूनच जाणार," आदेल्मोनं जाहीर केलं.

"छट्! मासेरातीतून!" लोरिस उसळला. "माझी भाची गाणाऱ्या गाडीतून जाणार!"

"तुझ्याच गाडीतून जाईल, ऐकलंस?"

"तुमच्याच! नाहीतर मी लग्नाला येत नाही!"

"तू आलास तर मी येत नाही!"

इओनेसबाईनं पाटीवर घोडा पुसून त्रिशूळ काढला, त्रिशुळाच्या जागी घोडा काढला आणि कपाळाला खडूचा हात लावला. गुण पुन्हा सारखे. आणि शुक्रवार उजाडला.

मिरेल्लाबाईंचा फोन आला तेव्हा अख्खं घर दुकानात जमलेलं. आदेल्मो, लोरिस, देआन्ना, इलारिया, चष्म्यासाठी आलेली दोन गिऱ्हाइकं. एर्मेसनं फोन कानाला लावला.

"नंबर सांगा, गुआल्दीसाहेब. निळी की राखाडी?"

"भावोजी, सांगा आता," लोरिस म्हणाला. "ही बरी की ती?"

सगळे एर्मेसकडे बघत होते. जन्मभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्याच्यासमोर धरला गेला होता, आणि पहिल्यांदाच त्याला स्वच्छ दिसलं.

"कुठलीच नाही," तो म्हणाला. "दोन्ही चांगल्या आहेत. देवानं बनवाव्यात इतक्या. पण दोन्हीत मला जागा नाही. माझी मुलगी आहे, आणि चर्चपर्यंत मी तिच्याबरोबर जाणार आहे. पायी."

फोनमधून मिरेल्लाबाईंचा आवाज आला, "पायी चालणाऱ्याला परवाना लागत नाही. पण पोशाखाचा मागचा पदर लांब असेल आणि कमानींखाली रहदारी अडणार असेल तर अर्ज..." देआन्नानं पुढे होऊन फोन बंद केला.

इलारियानं नाक पुसलं आणि वडिलांच्या कोटावरचा, नसलेला, धागा काढला.

लोरिस आदेल्मोकडे वळून म्हणाला, "या माणसाला गाड्यांतलं काडीचं कळत नाही."

"लहानपणापासून असाच," आदेल्मो म्हणाला.

त्या दोघांचं एखाद्या बाबतीत एकमत झालेलं गावानं पहिल्यांदा पाहिलं. दोघं मिळून बारमध्ये गेले आणि एर्मेसची निंदा करत संध्याकाळपर्यंत बसले. उठताना पुढच्या रविवारच्या फेरीचं ठरवून उठले, गाड्या बदलून.

लग्नाच्या दिवशी निळी आणि राखाडी कालव्यापलीकडे, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, शेजारी शेजारी उभ्या होत्या. बोनेटवर पांढरी फुलं. मोटारी आत येत नाहीत म्हणून काका आणि मामा पायी आले आणि पदराचं एकेक टोक धरून मागून चालू लागले.

"उंच धर, लोरिस. फरशीला लागतोय."

"फरशी तुमच्याच कारखान्याची ना? मग स्वच्छ असेल."

सगळं गाव कमानींखाली दोन्ही बाजूंना उभं होतं. इओनेसबाईनं पाटी बाहेर आणून टेकवली होती. तिच्यावर त्या दिवशी फक्त "बंद" लिहिलेलं. इलारियानं बापाचा हात घट्ट धरला होता आणि ती खाली बघून चालत होती. लोकांना वाटलं नवरी लाजतेय. एर्मेसनं तिच्या बुटांकडे पाहिलं. ती फक्त काळ्या फरशीवर पाय ठेवत होती.

त्यानं आपली पावलं लहान केली. पण कितीही लहान केली तरी रस्ता तेवढाच. चर्चचं दार आलं. आत दावीदे उभा होता, ऑर्गनवर सूर सुरू झाला, फादर अन्सेल्मो पुस्तक उघडून दारात आले.

पायरीपाशी इलारिया थांबली. तिनं पोशाखाचा घेर किंचित उचलला आणि पांढऱ्या फरशीवर ठाम पाय ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "चुकलं. पहिल्यापासून."

"काय झालं?" मागून लोरिस ओरडला. "अहो, थांबलात का?"

एर्मेसनं धर्मगुरूंना मान लववली आणि लेकीला घेऊन वळला. काका आणि मामा पदरासकट एकमेकांत गुंतले, सुटले आणि निमूटपणे मागे चालू लागले. ऑर्गनवाल्यानं सूर थांबवला, डोकावून पाहिलं आणि तो नव्यानं सुरुवात करायला तयार होऊन बसला.